पाचव्या अंकातलं नाव

मागच्या हिवाळ्यात भाचीनं इंग्लंडहून एक फोटो पाठवला. तिच्या थोरल्या लेकीच्या शाळेतला. भिंतीला ओळीनं लाकडी खुंट्या, खुंट्यांवर चिमुकले कोट, आणि प्रत्येक खुंटीच्या वर पुठ्ठ्याची पट्टी चिकटवून ठळक अक्षरात एकेक नाव. ऑलिव्हिया. तिच्या शेजारी आणखी एक ऑलिव्हिया. मग इमोजन, बिआट्रिस, जेसिका, मधेच एक आयेशा. खाली भाचीनं लिहिलं होतं, "आत्या, तुझा सगळा सिलॅबस इथे खुंटीला टांगलाय."

मी तीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवलं. वर्गातली निम्मी मुलं पहाटेच्या एसटीनं येणारी. त्यांच्यासाठी ऑलिव्हिया आणि इमोजन म्हणजे परीक्षेत स्पेलिंग चुकवणारी नावं. माझ्यासाठीही ती पुस्तकातलीच होती. पानाच्या डाव्या कडेला, संवादाच्या आधी छापलेली. ते नाव घेऊन कुणी पाच वर्षांची पोर डबा खाते, बूट उलटे घालते, आई दिसली नाही की रडते, हे कधी मनातच आलं नव्हतं. तो फोटो मी बोटांनी मोठा करून करून बघितला. इमोजनच्या खुंटीवर पिवळा रेनकोट होता. त्याची एक बाही आत उलटी गेली होती.

भाचीला दुसरी मुलगी होणार होती. तिकडे आधी सांगतात. नाव सुचव म्हणून ती माझ्या मागे लागली होती आणि तो तिचा हक्कच होता. तिच्या स्वतःच्या बारशाला पाळण्यात वाकून तिच्या कानात कुर्र करणारी आत्या मीच. "दोन्हीकडच्यांना नीट म्हणता येईल असं सांग," ती म्हणाली. त्या निमित्तानं मी शेक्सपिअरची सगळी नाटकं पुन्हा काढून बसले. या वेळी कथानकासाठी नाही, भाषेसाठी नाही, फक्त बायकांच्या नावांसाठी.

आधी एक सांगायला हवं. ही सगळी नावं शेक्सपिअरनं घडवली नाहीत. बिआट्रिस त्याच्या तीनशे वर्षं आधी दान्ते या इटालियन कवीकडे होती. कॉर्डेलिया ब्रिटनच्या जुन्या बखरींतून आली. ऑलिव्हियाही आधी तुरळक सापडते. पण नाव सापडणं वेगळं आणि घरोघरी जाणं वेगळं. जेसिकाचंच बघा. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात इस्का नावाची एक बाई एका ओळीपुरती येते आणि जाते. त्या नावावरून शायलॉक या सावकाराच्या मुलीचं नाव बेतलं असावं, असं मानतात. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधली ही जेसिका रात्री मुलाच्या वेषात बापाच्या पेट्या घेऊन पळून जाते, धर्मही सोडते. शायलॉकला त्याच्या बायकोनं लग्नाआधी दिलेली एक अंगठी होती. पोरीनं ती एका माकडाच्या बदल्यात दिल्याची बातमी त्याच्या कानावर येते तेव्हा हा कठोर माणूस आतून फाटतो. हे नाटक १६०० साली छापलं गेलं. आणि १९८५ ते १९९० अशी सलग सहा वर्षं, नंतर पुन्हा १९९३ ते १९९५, अमेरिकेत जन्मलेल्या मुलींना सर्वांत जास्त दिलं गेलेलं नाव होतं जेसिका. त्या लाखो आईबापांपैकी कितींच्या मनात शायलॉकचं घर असेल? बहुधा कुणाच्याच नाही. नाव आपलं आपण चालत निघालं. ऑलिव्हियाही तशीच, २०१९ पासून अमेरिकेच्या त्या यादीत पहिला नंबर तिनं काही वर्षं सोडला नाही.

इमोजनची गोष्ट मात्र मला फार जवळची वाटते.

'सिंबेलाइन' या नाटकातली ही राजकन्या. नवऱ्यानं तिच्यावर संशय घेतला, तिला मारायला माणूस पाठवला, आणि ती मुलाच्या वेषात रानात भटकली. हे नाटक १६२३ च्या मोठ्या संग्रहात पहिल्यांदा छापलं गेलं आणि तिथे तिचं नाव इमोजन आहे. पण सायमन फोरमन नावाच्या एका वैद्य-ज्योतिषानं १६११ मध्ये हा प्रयोग बघून टिपण लिहून ठेवलं होतं, त्यात तो तिला इनोजन म्हणतो. जुन्या इतिहासग्रंथांतही इनोजन नावाची राणी आहे. 'मच अडू अबाउट नथिंग'च्या १६०० सालच्या प्रतीत लिओनाटो नावाच्या गृहस्थाची बायको म्हणून इनोजन रंगमंचावर येते, आणि सिंबेलाइनच्या मुलीच्या नवऱ्याचं नाव लिओनाटस आहे. म्हणजे ही जोडी नाटककाराच्या डोक्यात आधीपासून होती. मग इमोजन आली कुठून? अभ्यासकांचं म्हणणं असं की हस्ताक्षरात इंग्रजी 'एन' म्हणजे दोन उभ्या काड्या, 'एम' म्हणजे तीन. दोन 'एन' शेजारी आले की चार काड्यांची रांग होते. नक्कल करणाऱ्याची किंवा खिळे जुळवणाऱ्याची नजर एका काडीनं चुकली आणि इनोजनची इमोजन झाली. आपल्याकडे हातानं लिहिताना 'र' आणि 'व' जवळ आले की 'ख' वाचला जायचा, तसंच हे.

१९८६ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीच्या संपादकांनी तिला तिचं जुनं नाव परत दिलं. विद्वान म्हणून ते बरोबर असतील. पण तोवर इंग्लंडात किती आज्या, किती आया, किती मुली त्या चुकलेल्या नावानं जगून गेल्या होत्या. पिवळ्या रेनकोटवालीला कोण सांगणार की बाळ, तुझं नाव म्हणजे एक मुद्रणदोष? आणि का सांगायचं? तिच्या आईनं तिला हाक मारली आणि तिनं मागे वळून बघितलं, त्या क्षणी ते नाव बरोबर झालं.

चुकीतून रुजलेलं आणखी एक नाव आठवतं, शेक्सपिअरनंतर तीनशे वर्षांनी. विल्यम हेन्ली हा कवी आपल्या मित्राला, जेम्स बॅरीला, 'फ्रेंड' म्हणून हाक मारायचा. त्याची लहानगी मार्गारेट ऐकून ऐकून तेच म्हणायची, पण तिला 'र' म्हणता यायचा नाही. 'फ्रेंडी'चं तिच्या तोंडी 'फ्वेंडी' आणि मग 'वेंडी' झालं. १८९४ मध्ये ही मुलगी पाच वर्षांची असताना गेली. दहा वर्षांनी, डिसेंबर १९०४ मध्ये, बॅरीचं 'पीटर पॅन' लंडनच्या रंगमंचावर आलं आणि त्यातल्या मुलीचं नाव होतं वेंडी. त्याआधी ते नाव जवळजवळ कुणाचं नव्हतं; नंतर हजारो मुलींचं झालं. ज्या पोरीला मोठं होता आलं नाही, तिचा बोबडा उच्चार एवढ्या बायकांनी म्हातारपणापर्यंत सांभाळला.

आता इमोजनकडे परत येते, कारण ती आपल्याकडेही आली होती. १८७९ मध्ये विष्णु मोरेश्वर महाजनींनी 'सिंबेलाइन' मराठीत आणलं आणि त्याला नाव दिलं 'तारा'. म्हणजे इमोजनची तारा झाली. बडोद्याला त्याचा प्रयोग झाला, तेव्हा हॅरॉल्ड लिटलडेल या इंग्रज गृहस्थानं ते बघून १८८० मध्ये एका इंग्रजी मासिकात त्याचं सविस्तर वर्णन लिहिलं. लंडनला पहिल्यांदा इमोजन झाला तो मुलगा, आणि बडोद्याला तारा झाला तोही मुलगाच.

त्या काळच्या आपल्या बऱ्याच भाषांतरकारांनी या बायकांना त्यांच्या माहेरच्या नावानं ठेवलं नाही. कानिटकरांनी ज्युलिएटला शशिकला केलं. केळकरांच्या हातून 'टेमिंग ऑफ द श्रू'मधली केट 'त्राटिका' झाली, आणि आजही कजाग बाईला आपण तेच म्हणतो. देवलांनी 'झुंझारराव'मध्ये डेस्डेमोनाला कमळजा म्हटलं. मला यातली देवलांची निवड सर्वांत हळवी वाटते. डेस्डेमोना या नावाच्या मुळाशी ग्रीक शब्द आहे, अर्थ 'दुर्दैवी'. ज्या इटालियन कथेवरून 'ऑथेल्लो' रचलं गेलं, तिच्यात लोक तिच्या बापालाच बोल लावतात, की पोरीला असलं अभद्र नाव ठेवावंच कसं. देवलांनी ते अभद्र नाव काढून लक्ष्मीचं नाव दिलं. कमळजा. तरी शेवटी उशी तीच आणि नवऱ्याचे हातही तेच.

वर्गात हे शिकवताना मी मुलींना विचारायचे, "नाव का बदललं असेल?" एकदा मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मॅडम, सासरी आली ना ती." वर्ग हसला. मी नाही हसले. इतकं नेमकं मला कुठल्या समीक्षकानं सांगितलेलं नव्हतं.

माझ्या आईचं माहेर सांगलीकडचं. आजोबांना नाटकाचं वेड. 'संगीत शाकुंतल'मधली पदं ते पहाटे मोटेवर म्हणत, असं मामा सांगायचा. पहिली मुलगी झाली तेव्हा तिचं नाव शकुंतला ठेवलं. शकुंतला म्हणजे काय? मेनकेनं रानात टाकलेल्या तान्हीला शकुंत पक्ष्यांनी राखलं, म्हणून कण्वानं तिला ते नाव दिलं. आईबापांनी सोडलं आणि पाखरांनी सांभाळलं, ही सगळी हकिकत त्या चार अक्षरांत आहे.

लग्न होऊन आई आमच्या घरी आली, तर सासूचंही नाव शकुंतला. एका घरात दोन शकुंतला कशा चालतील? सुनेला हाक मारायची म्हणजे सासूचं नाव घ्यायचं. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले आणि वडिलांनी सोन्याच्या अंगठीनं त्यात नाव रेखलं, मंगला. कालिदासाच्या नाटकात अंगठी सापडते आणि शकुंतलेची ओळख पटते. आमच्या ओटीवर अंगठीनंच शकुंतला पुसली गेली. वडील भले माणूस होते, आईवर त्यांचा फार जीव होता. कुणी वाईट हेतूनं काही केलं नाही. ते तांदूळ मग साठवणीच्या डब्यात गेले.

शेक्सपिअरच्या अखेरच्या नाटकांतल्या मुलींना नावं पडतात ती शकुंतलेसारखीच, जन्माच्या वेळच्या आकांतातून. 'पेरिक्लीज'मधली मरीना वादळात गलबतावर जन्मते, म्हणून सागराची. 'विंटर्स टेल'मधल्या तान्हीला तिचा राजा बाप आपली मानत नाही आणि परमुलखात टाकून यायला सांगतो. टाकायला गेलेल्या म्हाताऱ्या सरदाराच्या स्वप्नात तिची आई येते आणि म्हणते, हिला कायमची हरवली असंच सगळे समजतात, तर हिला पर्डिटा म्हण. पर्डिटा म्हणजे लॅटिनमध्ये 'हरवलेली'. सरदार मूल किनाऱ्यावर ठेवतो आणि लगेच अस्वलाच्या तोंडी जातो. नाव ठेवणारा गेला, नाव राहिलं. एका मेंढपाळानं ती पोर वाढवली. सोळा वर्षांनी ती सापडते, बापाला भेटते, पुतळा म्हणून उभी असलेली आई जिवंत होऊन तिच्याशी बोलते. सगळं परत मिळतं. पण नाव तेच राहतं. सापडल्यावरही ती हरवलेलीच.

हा भाग शिकवताना माझा आवाज दर वर्षी अडायचा, आणि त्याचं कारण हजेरीपटात होतं. आमच्या भागात तिसरी-चौथी मुलगी झाली की तिचं नाव नकुशा ठेवायचे, म्हणजे नको असलेली. यापुढे तरी मुलगा व्हावा म्हणून. माझ्या वर्गात अशा मुली येऊन गेल्या. "नकुशा" असं मोठ्यानं पुकारायचं आणि एका हुशार, नीटनेटक्या मुलीनं उभं राहून "हजर" म्हणायचं. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात कार्यक्रम झाला आणि २८५ मुलींना त्यांच्या आवडीची नवी नावं मिळाली. ती बातमी मी स्टाफरूममध्ये उभ्यानं वाचली. पर्डिटाचं नाव कुणी बदललं नाही. यांचं बदललं, आणि त्यांनी स्वतः निवडून बदललं.

नाटकांत इतकी नावं ठेवणाऱ्या माणसानं स्वतःच्या मुलींना मात्र साधीच, बायबलमधली नावं दिली. थोरली सुझॅना, १५८३ ची. मग १५८५ मध्ये जुळी, जुडिथ आणि हॅम्नेट; शेजारी राहणाऱ्या स्नेह्यांची, नवराबायकोची नावं. मुलगा अकराव्या वर्षी गेला. जुडिथ म्हातारी होऊन मेली. १६११ मध्ये तिनं एका खरेदीखतावर साक्षीदार म्हणून जी खूण केली ती अजून आहे. खूण म्हणजे सही नाही, एक वेडीवाकडी रेघ. साधारण त्याच सुमारास तिचा बाप मिरांडाचे संवाद लिहीत होता. त्यानं घडवलेली नावं आज शाळेच्या खुंट्यांवर आहेत, आणि त्याच्या लेकीला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, निदान त्या कागदावर तरी तिनं लिहिलं नाही. हे मी कधी वर्गात सांगितलं नाही. पहाटे भाकऱ्या थापून वर्गात येणाऱ्या मुलींच्या आयाही अंगठाच लावायच्या, आणि मला ते तिथे बोलता यायचं नाही.

मिरांडाबद्दल मात्र भरभरून सांगायचे. 'टेम्पेस्ट'मधली ही मुलगी बापाबरोबर एका निर्जन बेटावर वाढलेली. नावाचा अर्थ, जिच्याकडे बघून विस्मय वाटावा अशी. वादळातून वाचलेला राजपुत्र फर्डिनंड तिला विचारतो, तुझं नाव काय, माझ्या प्रार्थनेत घालायचं आहे. ती पटकन सांगून टाकते, मिरांडा. आणि लगेच दचकते, कारण नाव सांगू नकोस अशी बापाची सक्त ताकीद होती. तिची पहिली अवज्ञा कोणती, तर स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं सांगणं. १९४८ च्या फेब्रुवारीत खगोलशास्त्रज्ञ कायपर यांना युरेनसचा एक छोटा चंद्र सापडला, त्याला तिचं नाव मिळालं. पुढच्याच महिन्यात दिल्लीत मुलींच्या एका कॉलेजची कोनशिला बसली, मिरांडा हाउस. आपल्या गोव्यातले मिरांडा वेगळे, ते पोर्तुगीज आडनाव. मारिओ मिरांडांचा या मुलीशी संबंध नाही. युरेनसभोवती पोर्शिया, कॉर्डेलिया, ऑफेलिया, डेस्डेमोना, ज्युलिएट, रोझलिंड अशा कितीतरी जणी फिरतात; यांतल्या बऱ्याच १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ हे यान तिथून गेलं तेव्हा सापडल्या. पर्डिटा त्याच फोटोंमध्ये होती, पण ती कुणाच्या लक्षात आली नाही. १९९९ मध्ये जुने फोटो पुन्हा तपासताना ती सापडली.

आणि काही जणींना नावच नाही. मॅकबेथची बायको अख्ख्या नाटकात मॅकबेथची बायकोच असते. वेबस्टरच्या शोकांतिकेतली मालफीची डचेस मरणाच्या दारात मान ताठ ठेवून सांगते की मी अजूनही मालफीची डचेस आहे, पण तिचं पाळण्यातलं नाव आपल्याला कधीच कळत नाही. अमक्याची आई, तमक्याची मंडळी, पाटलीणबाई. आपल्याला हे नवं नाही.

आता व्हायोला. हे लिहायला मी एवढा वेळ घेतला, कारण इथे मला जपून पाऊल टाकायचं आहे.

'ट्वेल्फ्थ नाइट' मी किती वर्षं शिकवलं त्याची गणती नाही. जुळे बहीणभाऊ, गलबत फुटतं, दोघंही समजतात की दुसरा बुडाला. व्हायोला पुरुषवेष घेते, सिझारिओ या नावानं ऑर्सिनो या उमरावाच्या पदरी राहते, त्याच्यावर प्रेम करते आणि त्याचेच निरोप घेऊन ऑलिव्हियाकडे जाते. पुस्तकात पहिल्या पानापासून तिच्या प्रत्येक वाक्याआधी 'व्हायोला' छापलेलं असतं, म्हणून मला कधी काही वेगळं जाणवलंच नाही. एका वर्षी स्नेहसंमेलनात मुलांनी त्यातले प्रवेश केले. प्रयोग संपल्यावर एका मुलीची आई माझ्याजवळ आली. कासेगावकडच्या बाई, पहिल्यांदाच असलं नाटक बघत होत्या. म्हणाल्या, "बाई, ती पोरगी पोराच्या वेषात होती ना, तिचं खरं नाव शेवटालाच सांगितलं. इतका येळ मी वाट बघत होते."

मी घरी येऊन पुस्तक उघडलं आणि पान अन् पान चाळलं. त्या बाईंचं खरं होतं. चार अंक होतात, पाचवाही निम्मा होतो, तोवर तिचं नाव रंगमंचावर कुणाच्याच तोंडी येत नाही. बघणाऱ्याला ती फक्त सिझारिओ. मग भाऊ समोर येतो. सेबास्टियन तिच्याकडे बघत राहतो आणि म्हणतो, तू बाई असतीस तर मी तुझ्या गालावर आसवं ढाळून म्हणालो असतो, ये, बुडालेल्या व्हायोला, ये. त्या क्षणी पहिल्यांदा ते नाव ऐकू येतं. मग दोघं एकमेकांची खातरी करून घेतात. ती म्हणते, माझ्या वडिलांच्या कपाळावर तीळ होता. तो म्हणतो, माझ्याही. ती म्हणते, व्हायोलाला तेरा वर्षं पुरी झाली त्याच दिवशी ते गेले. आणि नाटकाच्या शेवटी, लग्नाची बोली करतानाही, ऑर्सिनो तिला सिझारिओच म्हणतो. तुझे बायकी कपडे येईपर्यंत सिझारिओच, असं म्हणून तिला घेऊन जातो. तिचं नाव त्याच्या तोंडून एकदाही निघत नाही. ते फक्त भावाकडे असतं.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. मामा पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आला होता, खांद्यावर गुळाची ढेप. दारातूनच त्यानं हाक मारली, "शकू!" आई मागच्या पडवीत भांडी घासत होती. तिच्या हातातलं पातेलं तसंच खाली गेलं आणि ती धावत आली, हाताला राख तशीच. मला कळेना, ही कुणाच्या हाकेला धावली? रात्री विचारलं, शकू कोण? आई म्हणाली, "मीच." एवढंच. मामा होता ते चार दिवस ती वेगळीच होती. मोठ्यानं हसायची, अधूनमधून आजोबांची पदं गुणगुणायची. मामा एसटीत बसला आणि घरात परत सगळ्यांची मंगला झाली.

भाचीला मी फोनवर हे सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजीचं नाव शकुंतला होतं? मला कुणी बोललंच नाही." मी तिला तारा हे नाव सुचवलं, महाजनींची गोष्टही सांगितली. तिला ती आवडली. पण नवऱ्याच्या आजीच्या मनात मीरा होतं, आणि मीरा ठेवलं. बारसं फोनवर झालं. नागपूरहून बाळाची आत्या बोलत होती, आणि भाचीनं फोन बाळाच्या कानाशी धरला होता. नंतर भाचीनं माझ्याकडे एक गोष्ट मागितली. आजीच्या हातचं, तिचं ते नाव असलेलं काही आहे का?

एक कागद होता. आईच्या शेवटच्या वर्षांतला. माहेरच्या जमिनीचं हक्कसोडपत्र करायचं होतं. आईला जमीन नको होती, मामाचं घर तिथे उभं होतं. पण सातबाऱ्यावर शकुंतला आणि आधार कार्डावर मंगला. कार्यालयातले गृहस्थ म्हणाले, या दोघी एकच कशावरून? मामा बाकावर बसला होता, ऐंशीच्या पुढचा. काठी टेकत उठला आणि म्हणाला, "ही माझी बहीण शकू. आणखी काय पुरावा देऊ?" पण पुरावा कागदावरच लागतो. मग बाहेरच्या टपरीवर स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतलं. शकुंतला आणि मंगला ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची, म्हणजे माझीच आहेत.

आईनं विचारलं, "कोणती सही करू?" टायपिस्ट म्हणाला, "दोन्ही करा, आजी."

मंगला तिनं झरकन लिहिलं, बँकेत लिहायची तसं, शेवटच्या अक्षराला शेपूट ओढून. मग पेन उचललं आणि थोडी थांबली. मामा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. तिनं 'श' काढला, मग 'क', त्याला उकार दिला, पुढे 'त' आणि 'ला'. सगळं झाल्यावर डोकावून बघितलं, काहीतरी राहिलं होतं. पेन पुन्हा टेकवून तिनं 'कु'वर अनुस्वार दिला.